अमेरिकेच्या घटनेत ज्यांचे नाव नव्हते

पिंपरीतील एका विहारात दर रविवारी सायंकाळी आमचा अभ्यासवर्ग भरतो. वंदना झाली की तासभर वाचन आणि मग चर्चा, असा त्याचा साधा क्रम आहे. येणारी मंडळी म्हणजे भोसरी, निगडी, देहूरोड, चाकण या पट्ट्यातील कामगार, त्यांच्या घरच्या महिला, दहावी-बारावीतील मुले आणि दोन-चार पेन्शनर. अशाच एका रविवारी महात्मा जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी' या ग्रंथावर बोलताना आम्ही सांगितले की, १८७३ साली निघालेला हा ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केलेला आहे. त्या लोकांनी आपल्या देशातील काळ्या गुलामांना दास्यातून मोकळे केले, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ हे अर्पण.

मागच्या रांगेतून एक तरुण उठला. चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून काम करणारा, फर्स्ट शिफ्ट उरकून थेट वर्गाला आलेला. तो म्हणाला, "काका, पुस्तक आपल्या इथल्या गुलामगिरीवर, मग अर्पण तिकडच्या लोकांना का? आणि गुलाम सोडले म्हणून आभार मानायचे, तर मुळात त्यांना गुलाम केलं कोणी?"

आम्ही बी.कॉम. झालेले, उभे आयुष्य आवक-जावक आणि मस्टरमध्ये गेलेले. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अर्धवट होते हे आम्हालाच कळले. मग पुढचे काही रविवार आम्ही सर्वांनी मिळून याच प्रश्नामागे घालवले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. ४ जुलै २०२६ ही त्याला अडीचशे वर्षे पूर्ण होण्याची तारीख. त्या निमित्ताने, वर्गात जे जमले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

चाकणच्या बाजारातील अमेरिका

अमेरिका आपल्यापासून फार लांब आहे असे आपल्याला वाटते. पण चाकणच्या मार्केट यार्डात एक फेरी मारा. बटाट्याच्या गोणी, मिरचीचे ढीग, बाहेर गाडीवर भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याची कणसे. यातील एकही पीक पाचशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात नव्हते. ही सारी अमेरिका खंडातील माणसांनी हजारो वर्षे कसून, निवडून तयार केलेली पिके. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडूनच उचलला. हे ऐकून वर्गातील एका मावशींनी विचारले, "मग त्याच्या आधी बाया ठेचा कशाचा करत होत्या?" त्या काळी आपल्याकडे तिखटपणा होता तो मिरीचा. आणि या मिरीच्या व्यापारासाठीच तर युरोपचे लोक समुद्रात उतरले होते.

कोलंबस निघाला होता पूर्वेकडच्या देशांच्या शोधात. स्पेनच्या राजा-राणीच्या मदतीने तीन जहाजे घेऊन तो पश्चिमेला गेला आणि १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा बेटांवर उतरला. आपण हिंदुस्थानाजवळ पोहोचलो असे समजून त्याने तेथील माणसांना 'इंडियन' म्हटले. चूक त्याची, पण नाव त्या बिचाऱ्यांना कायमचे चिकटले. खरा हिंदुस्थान गाठला तो १४९८ साली वास्को द गामाने, कालिकतला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. म्हणजे एकाच लोभाचे हे दोन फाटे. एक आपल्या किनाऱ्याला लागला आणि दुसरा अमेरिकेला.

शाळेच्या पुस्तकात आम्ही 'कोलंबसाने अमेरिका शोधली' असे पाठ केले होते. ज्या घरात माणसे आधीपासून राहतात, त्या घराचा शोध कसा लागतो? १४९५ साली कोलंबसाने त्या बेटांवरील शेकडो माणसे गुलाम म्हणून स्पेनला पाठवली. पुढे तलवारीने जितके मारले त्याहून कितीतरी अधिक लोक देवीसारख्या रोगांनी गेले. कारण हे रोग त्या खंडाला ठाऊकच नव्हते. माणसे गेली, जमिनी मोकळ्या झाल्या आणि त्या जमिनींना पुढे 'नवे जग' असे गोंडस नाव मिळाले.

जन्मावरून गुलाम

इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत १६०७ साली व्हर्जिनियात, जेम्सटाऊन येथे झाली. ती वसवली एका व्यापारी कंपनीने, नफ्यासाठी. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ उतारू उत्तरेकडे गेले. त्यातील बरेच जण आपल्या पद्धतीने धर्म पाळता यावा म्हणून निघालेले होते. सुरुवातीला शेतमळ्यांवर राबायला इंग्लंडचे गोरगरीबच येत. जहाजाचे भाडे मालकाने भरायचे आणि त्याच्या बदल्यात साधारण चार ते सात वर्षे फुकट राबायचे, असा करार असे.

१६१९ साली वीसएक आफ्रिकन माणसे पकडून आणून व्हर्जिनियात विकली गेली. पहिल्या काही वर्षांत त्यांच्यापैकी काहींना मोकळीक मिळाली, काहींनी जमीनही केली. पण तंबाखूच्या मळ्यांना हातांची भूक मोठी होती. मग मळेवाल्यांच्या सभेने कायदेच केले. १६६२ चा कायदा असा, की मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईवरून ठरेल. आई गुलाम असेल तर बाप कोणीही असो, मूल गुलाम. हे सांगताच वर्गातील एक वृद्ध आजी म्हणाल्या, "म्हंजे तिकडंबी जातच झाली की रं!"

आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले. कामावरून नव्हे, गुन्ह्यावरून नव्हे, कर्जावरून नव्हे, तर पोटी जन्म घेतला म्हणून गुलाम! १६६७ साली आणखी एक कायदा झाला. गुलामाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली तरी त्याचे गुलामपण सुटणार नाही. देव सारखा, प्रार्थना सारखी, पण बेडी कायम. १७०५ साली हे सारे नियम एकत्र करून व्हर्जिनियाने गुलामांची पक्की संहिता तयार केली.

मधल्या काळात १६७६ साली तेथे एक बंड झाले. त्यात करारावर राबणारे गोरे आणि गुलाम काळे गव्हर्नरविरुद्ध एकत्र उभे राहिले होते. अनेक इतिहासकार सांगतात की, या एकीची मळेवाल्यांनी धास्ती घेतली. त्यानंतर गरीब गोऱ्याला थोडे हक्क द्यायचे, काळ्याला काहीच नाही, आणि दोघांना एकमेकांपासून तोडायचे, असा डाव पडला. गरीब गोऱ्याच्या पदरात फारसे पडले नाही. पण आपल्याखाली कोणीतरी आहे एवढे समाधान त्याला मिळाले. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अटलांटिक समुद्रावरील या व्यापाराच्या सुमारे साडेतीनशे वर्षांत अंदाजे सव्वा कोटी आफ्रिकन माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यातील सुमारे अठरा लाख वाटेतच मेली. बहुतेकांना ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर उतरवले. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आणलेली माणसे सुमारे चार लाख. पुढची संख्या वाढली ती जन्माच्या कायद्याने.

कंपनी सरकारचा चहा

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो तेव्हा ज्या ईस्ट इंडिया कंपनीचे नाव निघते, तीच कंपनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीतही आहे. इंग्लंडने युद्धांचा खर्च भरून काढण्यासाठी अमेरिकेतील वसाहतींवर कर बसवले. १७६५ साली कागदपत्रांवर मुद्रांक कर आला. वसाहतवाले म्हणाले, पार्लमेंटात आमचा प्रतिनिधी नाही, मग कर कसला? ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. त्यात पहिला पडला तो क्रिस्पस ॲटक्स. तो आफ्रिकन आणि तेथील मूळ रहिवासी अशा दोन्ही वंशांचा होता. ज्यांना पुढे स्वातंत्र्य मिळाले नाही, त्यांच्यातीलच एकाचे रक्त आधी सांडले.

१७७३ साली कंपनी कर्जात बुडाली होती आणि तिच्या गोदामांत चहा पडून होता. पार्लमेंटने तिला तो चहा थेट अमेरिकेत विकण्याची सवलत दिली, कर मात्र तसाच ठेवला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी जहाजांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. ओळख लपवण्यासाठी अनेकांनी मूळ रहिवाशांसारखा वेष केला होता. वेष त्यांचा घेतला. जमीन मात्र त्यांना परत दिली नाही.

१७७५ साली युद्ध पेटले. १७८१ साली यॉर्कटाऊन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला आणि लढाईचा निकाल लागला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याने १७९३ साली बंगालात कायमधाऱ्याची पद्धत आणली. तिकडे हरलेला माणूस इकडे राज्य करू लागला!

पगारवाढ मागणारा कर्मचारी

या लढाईला विचार पुरवणारांत एक नाव आम्हाला फार जवळचे वाटते. ते म्हणजे थॉमस पेन. इंग्लंडमध्ये १७३७ साली एका कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. सरकारच्या अबकारी खात्यात तो तुटपुंज्या पगारावर नोकरी करीत असे. आपल्या खात्यातील कर्मचाऱ्यांना पगारवाढ मिळावी म्हणून त्याने १७७२ साली सर्वांच्या वतीने एक निवेदन लिहिले. पगारवाढ मिळाली नाही. १७७४ साली त्याची नोकरी मात्र गेली. युनियनचे काम करणाऱ्या आमच्या वाचकांना ही कथा ओळखीची वाटेल!

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. साध्या, कारागिराला समजेल अशा भाषेत त्याने विचारले की, केवळ राजाच्या पोटी जन्मला म्हणून एखादा माणूस राजा कसा होतो? पुढे १७९१-९२ मध्ये त्याने 'राइट्स ऑफ मॅन', म्हणजे मानवाचे हक्क, हा ग्रंथ लिहिला. त्याबद्दल इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर खटला भरला. नंतर त्याने धर्मग्रंथांचीही चिकित्सा केली, तेव्हा जुने मित्रही दुरावले. १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती.

लपवलेला शब्द

४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले. सर्व माणसे समान आहेत आणि जगण्याचा व स्वातंत्र्याचा हक्क त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, अशा आशयाचे ते शब्द जगभर गाजले. मसुदा थॉमस जेफरसनचा. या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद त्याने मसुद्यात घातला होता. तो इतर प्रतिनिधींनी काढून टाकला. त्याच वर्षी ॲबिगेल ॲडम्स या बाईंनी आपल्या पतीला पत्र लिहून, नवे कायदे करताना स्त्रियांनाही लक्षात ठेवा, असे बजावले होते. पती जॉन ॲडम्स पुढे देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. पण पत्नीची ही मागणी त्यांनी हसण्यावारी नेली.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला बंद दाराआड घटना तयार झाली. ५५ प्रतिनिधी, सगळे गोरे पुरुष आणि त्यातील जवळजवळ निम्मे गुलामांचे मालक. प्रश्न आला की लोकसंख्येवर प्रतिनिधी ठरवायचे, तर गुलाम मोजायचे की नाही? मालक म्हणाले, मोजा. म्हणजे आमच्या राज्यांना जागा जास्त मिळतील. उत्तरेकडचे म्हणाले, त्यांना तुम्ही मालमत्ता समजता, मग माणसांत कसे मोजता? शेवटी तडजोड झाली. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे! मत त्या पाचांपैकी एकालाही नाही; जागा मात्र त्यांच्या मालकांना. शिवाय १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करता येणार नाही आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तरी मालकाला परत मिळेल, हेही घटनेत लिहिले.

पण या साऱ्यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही. 'इतर व्यक्ती' असे शब्द वापरून वेळ मारून नेली आहे. लिहिणारांना लाज वाटत होती, म्हणून नाव लपवले. पण व्यवस्था ठेवली. १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या ३९ लाखांवर होती आणि त्यात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० पर्यंत गुलामांची संख्या सुमारे ४० लाखांवर गेली. नाव न घेतल्याने रोग बरा होत नाही, तो आत वाढत राहतो.

दोन बायांची गोष्ट

आता ज्यांचे नाव घटनेत नव्हते, त्यांच्यातील दोघींची नावे सांगतो.

मॅसॅच्युसेट्स राज्यात मम बेट नावाची एक गुलाम स्त्री होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मालकिणीने एकदा रागाने तापलेले फावडे उगारले, ते दुसऱ्या मुलीला लागू नये म्हणून बेट मध्ये पडली आणि तिच्या हाताला कायमची इजा झाली. १७८० साली त्या राज्याची स्वतःची घटना झाली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असे त्यात म्हटले होते. हे शब्द बेटच्या कानावर पडले. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली आणि विचारले की, कायदा असे म्हणत असेल तर मी का मोकळी नाही? १७८१ साली ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला. तिने जुने नाव टाकले आणि एलिझाबेथ फ्रीमन असे नाव घेतले. फ्रीमन म्हणजे मोकळा माणूस. मालकाने पगारावर परत बोलावले, पण ती गेली नाही. अशा खटल्यांनी त्या राज्यातील गुलामगिरीचा पायाच उखडला.

दुसरी ओना जज. ही पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरातील. लग्नात मुलीला भांडी द्यावीत तशी तिला नातीच्या लग्नात भेट देण्याचे बाईसाहेबांनी ठरवले होते. हे कळताच मे १७९६ मध्ये, घरची मंडळी जेवायला बसली असताना, ओना घरातून निघून गेली आणि जहाजाने दूर न्यू हॅम्पशायरला पोहोचली. अध्यक्षांनी तिला परत आणण्यासाठी माणसे पाठवली. ती आली नाही. गरिबीत राहिली, पण स्वतंत्र राहिली आणि तेथे वाचायला शिकली. वॉशिंग्टन १७९९ साली वारले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मालकीचे १२३ गुलाम होते. पत्नीच्या पश्चात त्यांना मुक्त करावे असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. हेही सांगितले पाहिजे, कारण माणसाची दोन्ही पाने वाचावी लागतात.

ओना जज १८४८ साली वारली. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली.

पुण्यात पोहोचलेली अमेरिका

जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४७ च्या सुमारास त्यांच्या हाती पेनचा 'राइट्स ऑफ मॅन' आला. जन्माने कोणी मोठा नाही, हा त्यातला विचार शूद्रातिशूद्रांच्या घरी जन्मलेल्या तरुणाला कसा भिडला असेल! अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार मुलींची शाळा चालवीत. ती पाहून जोतीरावांना मुलींच्या शिक्षणाची दिशा मिळाली. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेव्हा तेथील कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला टेकले. युद्ध संपताच ते कोसळले. म्हणजे गुलामांच्या सुटकेची लढाई मराठी मुलखाच्या बाजारातही जाणवत होती. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. घटनेत 'गुलामगिरी' हा शब्द प्रथम आला तो तिला बंद करताना!

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. जोतीरावांनी अर्पण केले ते गुलाम विकत घेणाऱ्या अमेरिकेला नव्हे. कागदावरची समता खरी व्हावी म्हणून ज्यांनी आपल्याच देशबांधवांशी झगडा केला, त्या लोकांना ते अर्पण आहे. आणि त्यांचे उदाहरण घेऊन आपल्या देशातील लोकांनीही शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे, अशी आशा त्यांनी तेथेच व्यक्त केली. ते अर्पण म्हणजे नुसते आभार नाहीत, तो आपल्या लोकांना विचारलेला प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी नाव घेऊन लिहिले

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ १७५४ साली 'किंग्ज कॉलेज' म्हणून निघाले. राजाची सत्ता गेल्यावर १७८४ साली त्याचे नाव बदलले. घटना घडवणारांपैकी अलेक्झांडर हॅमिल्टन याच संस्थेत शिकला. अशा ठिकाणी तीन वर्षे शिकलेल्या बाबासाहेबांना अमेरिकेचे थोरपण ठाऊक होते आणि तिची भेगही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की, घटक राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले. आपण ते आधीच स्पष्ट केलेले बरे.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. तेच आजचे कलम १७. त्यात 'इतर व्यक्ती' अशी पळवाट नाही. रोगाचे नाव घेऊन तो नष्ट केला आहे असे लिहिले आहे. कलम २३ मध्ये वेठबिगारीचेही नाव घेतले आहे. अमेरिकेत काळ्या पुरुषांना मताचा हक्क १८७० साली, स्त्रियांना १९२० साली, आणि मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व १९२४ साली मिळाले. दक्षिणेतील काळ्यांना ते मत प्रत्यक्ष टाकता यावे म्हणून १९६५ साली आणखी कायदा करावा लागला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या आज्यांनी शेठ-सावकारांच्या बरोबरीने मत टाकले. हे आपोआप झालेले नाही, हे आपल्या मुलांना सांगा.

पण बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. कागद चांगला असला तरी तो चालवायचा माणसांनीच.

आमचे मस्टर

शेवटी एक गोष्ट स्वतःविषयी. ज्या रविवारी आम्ही 'पाच गुलाम म्हणजे तीन माणसे' हा हिशेब समजावून सांगितला, त्या दिवशी तो चाकणचा तरुण म्हणाला, "काका, आमचं नाव तरी कुठं असतं? गेटच्या रजिस्टरमध्ये 'हेल्पर बेचाळीस' असं लिहितात. बिलापुरतं मोजतात."

आम्ही गप्प झालो. कारण आम्हीही कारकून. आमच्याही टेबलावर असे रजिस्टर येते आणि ठेकेदाराच्या माणसांपुढे नुसता आकडा मांडून त्याखाली आम्ही कितीतरी वर्षे सही करीत आलो आहोत. या मुलांना कोणी गुलाम म्हणत नाही आणि त्यांची तुलना बेड्या घातलेल्या माणसांशी करणे हा त्या माणसांच्या दुःखाचा अपमान होईल. पण माणूस मोजायचा आणि नाव लिहायचे नाही, ही खोड तीच आहे. चौदा एप्रिलला पिंपरीच्या चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारे आमचे हात सोमवारी तेच लिहीत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठेकेदाराकडून नावांची यादी मागतो आणि ती आल्याशिवाय सही करीत नाही. सुरुवातीला कुरकुर झाली, 'कशाला वाढीव काम?' असेही ऐकावे लागले. आता यादी येते. मोठा पराक्रम केला असे नाही. पण अपघात झाला, पी.एफ.चा प्रश्न निघाला, तर त्या दिवशी तो माणूस कामावर होता हे सांगणारा एक कागद आता आहे.

आणि तो तरुण? तो म्हणाला, "त्या बाईला वाचता येत नव्हतं तरी तिनं वकिलाला विचारलं. मी तर बारावी झालोय." त्याने आणि त्याच्या चार सोबत्यांनी ठेकेदाराकडे वेतनचिठ्ठी मागितली. ठेकेदार 'बघू' म्हणाला आहे. पुढच्या महिन्यात ते पुन्हा मागणार आहेत आणि त्या वेळी त्यांच्याबरोबर आम्हीही जाणार आहोत.

वाचकांनी आपल्या घरी एवढेच करावे. घटनेचे कलम १७ आणि २३ मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मग घरात जो कोणी ठेकेदारीत कामाला असेल त्याला विचारावे की, तुझे नाव कोठे लिहिले आहे?

जयभीम!